मसाई मारात राहायचं कुठे? गेटबाहेरचं लॉज की कॉन्झर्व्हन्सीतला टेंट

निळी_छत्री

नमस्कार मंडळी, गेले पंधरा दिवस डोकं नुसतं भणभणतंय म्हणून शेवटी इथे विचारतेय. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात केनियाला जायचं ठरतंय. आम्ही चौघं, मी, नवरा, सात वर्षांची लेक आणि सासूबाई. सासूबाई ६९ वर्षांच्या आहेत, दोन्ही गुडघे दुखतात, पण उत्साह आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त. हत्तीचा कळप मोकळ्यावर चालताना बघायचा हे त्यांनी कित्येक वर्षं मनात धरून ठेवलंय, त्यामुळे ही ट्रिप खरं तर त्यांचीच आहे.

अंबोसेली नॅशनल पार्कला २ रात्री आणि मसाई मारा रिझर्व्हला ३ रात्री एवढं नक्की झालंय. घोडं अडलंय मारात. दोन कोटेशन आलीत. एक मारा रिझर्व्हच्या सेकेनानी गेटच्या बाहेरचं मोठं लॉज, पक्क्या खोल्या, स्विमिंग पूल, बुफे जेवण, सगळीकडे दिवे, कुंपण. दुसरा रिझर्व्हच्या उत्तरेला एका कॉन्झर्व्हन्सीतला छोटा कॅम्प, बाराच टेंट, कुंपण अजिबात नाही. दुसऱ्याचा दर पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. नवरा म्हणतो विल्डबीस्ट (ते कळपाने स्थलांतर करणारे, हरणांच्या जातीचे मोठे प्राणी) नदी ओलांडताना बघायचे आहेत, खोलीत झोपायला कोण चाललंय, स्वस्तातलं घे. मला वाटतं सासूबाई आणि लेक बरोबर आहेत तर पक्की खोलीच बरी. आणि दुप्पट पैसे देऊन कापडाच्या भिंतीत का झोपायचं हे मला खरंच कळत नाहीये. जे जाऊन आलेत त्यांनी प्लीज सांगा, नेमकं काय बघून ठरवायचं?

दुर्बीण

निळी छत्री, मी तीनदा जाऊन आलोय आणि पहिल्यांदा अगदी हीच चूक केली होती म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा करू नका.

आधी खोलीचे फोटो बघणं बंद करा आणि नकाशा उघडा. सफारीत सगळ्यात महागाची गोष्ट म्हणजे सकाळचे पहिले दीड-दोन तास. त्या वेळी तुम्ही कुठे असता यावर निम्मी ट्रिप ठरते. आमच्या पहिल्या वेळच्या लॉजच्या नावातच मारा होतं, खोली झकास, पलंग एवढा मोठा की चौघं झोपतील, पण ते गेटपासून कच्च्या रस्त्याने जवळपास तासभर लांब होतं हे तिथे पोचल्यावर कळलं. पहाटे साडेपाचला निघालो, गेटवर पोचलो तर पुढे गाड्यांची रांग, तिकिटं दाखवा, माणसं मोजा, त्यात अर्धा तास गेला. आत शिरलो तोवर ऊन वर आलेलं. गाईडने एका झुडपापाशी गाडी थांबवून गवत दाखवलं, मोठमोठे गोल दबलेले, त्यावर माश्या घोंघावत होत्या. म्हणाला सिंहिणी इथेच होत्या, आत्ता उठून झाडीत गेल्या. तीन दिवस आम्ही अशी दबलेली गवतंच बघत फिरलो म्हटलं तरी चालेल. दुसऱ्या वेळी आतल्या कॅम्पला राहिलो तेव्हा टेंटमधून निघाल्यावर दहाव्या मिनिटाला समोर सिंह.

आता पैशांचं. त्या पहिल्या कोटेशनमध्ये पार्क फी धरली आहे का ते आधी विचारा, कारण दर कमी दाखवण्यासाठी बरेच जण ती वेगळी ठेवतात. २०२४ पासून मारा रिझर्व्हची फी परदेशी प्रौढ माणसाला जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर, तीही एका दिवसाची, आणि दिवस म्हणजे सकाळी ६ ते संध्याकाळी ६ असे बारा तास. तुमची लेक सात वर्षांची म्हणजे तिला फी नाही, पण तुम्ही तिघं मोठे म्हणजे दिवसाला ६०० डॉलर. आता बाहेरच्या लॉजला राहून हिशोब करा. पहिल्या दिवशी दुपारी पोचून चार ते सहा एक चक्कर मारली तरी ६००. मधले दोन दिवस १२००. शेवटच्या दिवशी सकाळी निघण्याआधी एकदा जाऊन येऊ म्हटलं की आणखी ६००. झाले २४०० डॉलर, आणि हे खोलीच्या भाड्यात नाहीतच. याउलट कॉन्झर्व्हन्सीत तुम्ही तिथली फी भरता, ती बहुतेक कॅम्प आपल्या दरातच धरतात, आणि रिझर्व्हची फी फक्त ज्या दिवशी तुम्ही रिझर्व्हमध्ये जाता त्याच दिवशी. शिवाय छोट्या कॅम्पच्या दरात साधारणपणे जेवण, गाडी, गाईड, सकाळ-संध्याकाळच्या गेम ड्राइव्ह म्हणजे गाडीतून जनावरं बघायच्या फेऱ्या असं सगळं असतं. लॉजचा दर नुसता फुल बोर्ड म्हणजे खोली आणि जेवणाचा असेल तर गाडीचे पैसे वेगळे. दोन्ही कागद शेजारी ठेवून बेरीज करा, दुप्पट वाटणारा फरक बराच खाली येईल. कदाचित तरीही टेंट महागच पडेल, पण दुप्पट नसेल.

कॉन्झर्व्हन्सी म्हणजे काय हे माहीत नसेल तर थोडक्यात. ही जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची आहे, त्यांच्याकडून ती भाड्याने घेतलेली असते आणि भाडं थेट त्या जमीनमालकांना जातं. त्यांची गुरंही तिथे ठरलेल्या जागी चरतात. माणसं आणि गाड्या मोजक्याच, कारण तिथे फक्त त्यातल्या कॅम्पच्या पाहुण्यांना प्रवेश. नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ, ओल किनयेई अशी नावं तुम्हाला कोटेशनमध्ये दिसतील. रिझर्व्हमध्ये रस्ता सोडून गाडी नेता येत नाही, रात्री फिरता येत नाही, पायी चालता येत नाही. कॉन्झर्व्हन्सीत गाईडबरोबर हे तिन्ही होऊ शकतं. सात वर्षांच्या मुलीला पायी नेणार नाहीत, पण रात्रीची ड्राइव्ह कॅम्प परवानगी देत असेल तर नक्की करा, लाल काचेच्या दिव्यात तरस दिसतं तेव्हा मुलं श्वास रोखून बसतात.

एक गोष्ट मात्र तुमच्या मिस्टरांसाठी स्पष्ट लिहितो. नदी ओलांडण्याच्या जागा मारा नदीवर म्हणजे रिझर्व्हच्या आत आहेत, कॉन्झर्व्हन्सीत नाहीत. त्यामुळे तीनातला एक पूर्ण दिवस डबा घेऊन आत जायला ठेवावा लागेल आणि त्या दिवसाचे ६०० डॉलर पडतील. कॅम्प रिझर्व्हच्या हद्दीपासून किती लांब हे म्हणूनच विचारायचं. आणि नदीकाठी पाच-सहा तास बसूनही कळप पाण्यात उतरेलच असं नाही, ही मनाची तयारी ठेवा.

काटेसावर

दुर्बीण यांनी नकाशाचं लिहिलंय ते सगळं पटतं, मी फक्त सासूबाईंच्या बाजूने लिहिते कारण मी माझ्या आईला घेऊन गेले होते, तेव्हा ती ७२ ची होती.

बायकांनो ऐका, गेम ड्राइव्ह सकाळी तीन-चार तास आणि संध्याकाळी तीन तास. मधले अकरा ते चार कुठे जातात? कॅम्पवर. आणि गुडघे दुखणारं माणूस रोजच्या दोन्ही ड्राइव्ह करूच शकत नाही, खड्ड्यांतून उडत उडत जाताना कंबरेचा पार पिट्टा पडतो. आईने पाच दिवसांत तीन ड्राइव्ह सोडल्या. म्हणून माझ्यासाठी जागा निवडताना एकच प्रश्न मोठा होता, आई एकटी मागे राहिली तर तिला खुर्चीत बसून काय दिसेल? स्विमिंग पूल आणि चार भिंती, की काहीतरी जिवंत?

आमचा टेंट नदीच्या वळणावर होता. आईने दुसऱ्या दिवशी सांगितलं मी नाही येत, तुम्ही जा. आम्ही परत आलो तर ती व्हरांड्यातल्या कॅनव्हासच्या खुर्चीत, मांडीवर शाल, हातातला चहा तसाच थंड झालेला, आणि ओठांवर बोट ठेवून गप्प बसा म्हणून खुणावतेय. पलीकडच्या काठावर हत्तीण आणि तिचं पिल्लू. पिल्लाला सोंडेने पाणी पिता येत नव्हतं, ते गुडघे टेकून तोंडच पाण्यात घालत होतं. आई म्हणाली, चाळीस मिनिटं बघतेय, एकदाही सोंड वापरली नाही त्याने. आम्ही त्या सकाळी दोन चित्ते बघून आलो होतो आणि तिला सांगायला गेलो तर तिला ऐकायचंच नव्हतं.

टेंट म्हणजे ट्रेकिंगचा टेंट डोळ्यापुढे आणू नका हो. आत पलंग, जाड गाद्या, मागच्या बाजूला जोडूनच बाथरूम, फ्लशचा संडास. काही ठिकाणी गरम पाण्याची बकेट शॉवर असते. म्हणजे तुम्ही वेळ सांगायची, बाहेरून माणूस येऊन टेंटच्या मागे टांगलेल्या बादलीत गरम पाणी ओततो आणि आवाज देतो, मग तुम्ही आत साखळी ओढायची. वीसेक लिटरच असतं पण पुरतं. थंडी मात्र खरंच वाजते, मारा समुद्रसपाटीपासून साधारण १५०० मीटरच्या वर आहे आणि ऑगस्टची पहाट चांगलीच गार. रात्री जेवून आलो की पांघरुणाखाली गरम पाण्याची पिशवी ठेवलेली असायची, आईच्या गुडघ्यांना त्याचा इतका आराम पडला की ती पिशवी ती सकाळी परत द्यायला तयार नव्हती.

आणि आता भीतीचं. कुंपण नसतं म्हणजे जनावरं खरंच आत येतात. अंधार पडल्यावर एकट्याने टेंटबाहेर पाऊल टाकायचं नाही, आस्कारी म्हणजे तिथला पहारेकरी न्यायला आणि सोडायला येतो. पहिल्या रात्री दोन वाजता मला जाग आली, कानाजवळ कोणीतरी चर्र चर्र करून गवत उपटतंय. पाणघोडा. कॅनव्हासच्या पलीकडे दोन-तीन हात. श्वास सोडल्याचा आवाजसुद्धा येत होता. मी घाबरून गारठले, आईकडे बघितलं तर ती टक्क जागी, म्हणाली झिप लावलीय ना, मग झोप. टेंट बंद असला की जनावरं त्याला एक मोठी वस्तू समजून बाजूने जातात असं गाईडने सांगितलं होतं, ते तिने ऐकलं होतं आणि मी नाही. पण प्रत्येकाला हे झेपतं असं नाही, तुमच्या सासूबाईंना आधी स्पष्ट सांगा आणि त्यांनाच ठरवू द्या.

लेकीसाठी फॅमिली टेंट मागा, एकाच छताखाली दोन खोल्या असतात. लहान मुलांना वेगळ्या टेंटमध्ये झोपू देत नाहीत आणि देऊही नये. काही कॅम्प ठराविक वयाखालची मुलं घेतच नाहीत किंवा त्यांना इतरांबरोबर गाडीत बसवत नाहीत, मग पूर्ण गाडी वेगळी घ्यावी लागते, ते बुकिंगच्या आधी विचारा.

गवताळ

माझं मत थोडं वेगळं आहे. पहिलीच वेळ, लहान मूल, वयस्कर माणूस आणि बजेटची ओढाताण, तर केनियाच का? दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर बघा. सुमारे २०,००० चौरस किलोमीटरचं पार्क आहे आणि पार्कच्या आतच सरकारी रेस्ट कॅम्प आहेत, स्कुकुझा, लोअर साबी, सतारा, ओलिफांट्स, लेताबा वगैरे. सगळ्यांना कुंपण, आत दुकान, रेस्टॉरंट, पेट्रोल पंप, गवताच्या छपराच्या गोल झोपड्या, त्यात एसी आणि स्वयंपाकघर. आपली भाड्याची गाडी घेऊन आपण हिंडायचं, मुख्य रस्ते डांबरी, त्यामुळे आजींच्या कंबरेचा प्रश्नच नाही. दमल्या की परत फिरायचं, कोणाची वाट बघायला नको. ऑगस्ट म्हणजे तिथे कोरडा हिवाळा, झुडपं विरळ झालेली, जनावरं पाण्यावर येतात, आणि मलेरियाचा धोकाही उन्हाळ्यापेक्षा कमी.

फक्त वेळेचं भान पाहिजे. ऑगस्टमध्ये कॅम्पचं फाटक सकाळी ६ ला उघडतं आणि संध्याकाळी ६ ला बंद होतं, उशीर केला तर दंड होतो. डांबरी रस्त्यावर वेग ताशी ५० किमीच्या वर नाही, म्हणजे नकाशावर जवळ दिसणारा कॅम्प दोन-अडीच तासांवर असतो. हत्तीने रस्ता अडवला तर अर्धा तास आणखी. आम्ही एकदा फाटकाला सहाला चार मिनिटं कमी असताना पोचलो, तो शेवटचा अर्धा तास मी स्टिअरिंग किती घट्ट धरलं होतं ते हात दुखल्यावर कळलं.

राहायला लोअर साबी घ्या, नदीवरच्या डेकवर बसून पाणघोडे, हत्ती, मगरी सगळं दिसतं, आणि जवळच सनसेट डॅम. फ्रिज व्हरांड्यात असतो तो नीट बंद करा, माकडं आणि बबून तो उघडायला शिकलेत.

निळी_छत्री

बापरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. गवताळ, क्रूगर वाचून मोह झाला पण नवऱ्याने आणि सासूबाईंनी दोघांनी एकमुखाने केनियाच म्हटलं, विल्डबीस्ट आणि किलिमांजारोपुढचे हत्ती दोन्ही तिथेच म्हणून. पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवलंय.

काटेसावर, तुमच्या आईंचा हत्तीच्या पिल्लाचा किस्सा मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या तो शेवटचा भाग परत वाच. कुंपण नाही हेही सांगितलं, त्यावर म्हणाल्या पाणघोड्याला माझं काय पडलंय.

पण एक मोठी अडचण मी आधी लिहायलाच विसरले. त्यांना रात्री झोपताना सीपॅप मशीन लागतं, म्हणजे मास्कमधून हवा देऊन झोपेत श्वास नीट चालू ठेवणारं. टेंटमध्ये रात्रभर वीज असते का? आणि नवरा आता म्हणतोय की माराच्या ३ रात्रींऐवजी २ करून एक-दोन रात्री सेरेंगेटीत पण घालू या का, नकाशावर शेजारीच तर आहे.

पाणवठा

सेरेंगेटीचं आधी सांगते कारण हे ऐकून बऱ्याच जणांचं नुकसान होतं. सेरेंगेटी टांझानियात आहे. नकाशावर मारा आणि सेरेंगेटी एकच गवताळ पठार आहे, विल्डबीस्ट इकडून तिकडे जातात, पण पर्यटकांना तिथून सीमा ओलांडता येत नाही. पार पश्चिमेला इसेबानिया नाक्यापर्यंत जाऊन, कागदपत्रं करून, परत पूर्वेकडे यावं लागतं, अख्खा दिवस रस्त्यात. सासूबाई आणि लेक बरोबर असताना अजिबात नको. शिवाय ऑगस्टमध्ये कळप सेरेंगेटीच्या अगदी उत्तरेला कोगातेंदेच्या बाजूला आणि मारातच असतात, म्हणजे जे बघायला जाणार ते तुम्ही ऑलरेडी बघत असता. टांझानिया वेगळी ट्रिप म्हणून करा. फेब्रुवारीत दक्षिणेला न्दुतूला रहा, तेव्हा तिथे विल्डबीस्टची पिल्लं जन्मतात. तिथेही हाच नियम, कळप कुठल्या महिन्यात कुठे हे बघून कॅम्प. सेरेंगेटी १४,७६३ चौरस किलोमीटर आहे, नुसतं सेरेंगेटीत राहतोय याला काहीच अर्थ नाही. टांझानियातल्याच गोरोंगोरोला पण तेच, तिथल्या क्रेटरच्या म्हणजे जुन्या ज्वालामुखीच्या विवराच्या काठावर राहिलात तर २२०० मीटरवर रात्री हुडहुडी भरते पण सकाळी सहाला खाली उतरायला सगळ्यात पुढे असता. खालच्या कारातू गावात राहिलात तर ऊब आणि स्वस्ताई, पण गेट गाठून काठापर्यंत चढण्यात सकाळ जाते.

आता सीपॅप. माझ्या भावाला आहे म्हणून हे मला पाठ झालंय. बहुतेक कॅम्प सोलरवर किंवा जनरेटरवर चालतात. जनरेटर असेल तर तो रात्री दहा-अकराला बंद करतात. सोलर असेल तर दिवे बॅटरीवर चालू राहतात पण टेंटमधल्या सॉकेटला रात्री करंट असेलच असं नाही, काही ठिकाणी तर टेंटमध्ये सॉकेटच नसतो, फोन कॅमेरा सगळं मेस टेंटमध्ये म्हणजे जेवणाच्या सामायिक टेंटमध्ये नेऊन चार्ज करायचं. म्हणून त्यांना वीज आहे का असं विचारू नका, उत्तर हो असंच येतं. विचारायचं असं, की पलंगाशेजारच्या सॉकेटला रात्री ११ ते सकाळी ६ सलग करंट असतो का, आणि एवढ्या वॉटचं मशीन चालेल का. वॉट मशीनच्या अॅडॉप्टरवर छापलेले असतात. बऱ्याच कॅम्पना हा प्रश्न नवीन नाही, ते पलंगाशी वेगळी बॅटरी आणि इन्व्हर्टर आणून ठेवतात, पण आधी कळवलं तरच. मशीनमधलं पाणी तापवणारं ह्युमिडिफायर सगळ्यात जास्त वीज खातं, ते त्या तीन रात्री बंद ठेवता येईल का हे डॉक्टरांना विचारून घ्या, मग छोट्या बॅटरीवरसुद्धा रात्र निघते. केनियात प्लग तीन चौकोनी पिनांचा, तो अॅडॉप्टर न्या.

विमानाने माराला जाणार असाल तर नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोटी विमानं असतात, सामान माणशी १५ किलो, हातातलं धरून, आणि बॅग मऊ हवी, कडक सुटकेस घेत नाहीत. मशीनचं वजन त्यात धरणार की नाही हे तिकीट काढतानाच लेखी घ्या. आम्ही तोंडी विचारलं होतं आणि काउंटरवरच्या माणसाने मान्य केलं नाही, ऐन वेळी कपडे काढून ठेवायला लागले.

दुर्बीण

पाणवठा यांनी लाखमोलाचं लिहिलंय.

निळी छत्री, रात्री परत सगळं वाचताना एक लक्षात आलं. तुम्ही सगळा जीव मारात अडकवलाय पण सासूबाईंना बघायचेत हत्ती, आणि हत्तींसाठी खरी जागा अंबोसेली आहे. तिथल्या जागेबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत. अंबोसेली लहान आहे, ३९२ चौरस किलोमीटर, सपाट आणि धुळीचं, पण मधे किलिमांजारोच्या जमिनीखालून येणाऱ्या पाण्यावर जगणाऱ्या दलदली आहेत. बरेचसे कळप रात्री पार्कच्या बाहेरच्या झाडीत जातात आणि सकाळी रांगेने या पाण्याकडे येतात, संध्याकाळी परत. संशोधक सिंथिया मॉस यांनी १९७२ पासून इथल्या हत्तींचा अभ्यास सुरू केला, त्यामुळे हे कळप, त्यांच्या आज्या, पणज्या सगळ्या ओळखीच्या आहेत, आणि त्यांना गाड्यांची सवय आहे, अगदी जवळून जातात.

तर अंबोसेलीला पार्कच्या आत, ओल तुकाईच्या भागात दलदलीकडे तोंड असलेली जागा बघा. जमीन सपाट, चढ-उतार नाही, कुंपण असलेली पक्की लॉज तिथे मिळतात, वीजही भरवशाची. व्हरांड्यात बसून सासूबाईंना कळप येताना आणि जाताना दिसतील, आणि पहाटे ढग यायच्या आधी किलिमांजारो. काटकसर करायची तर मारात एक रात्र कमी करा पण इथे नको.

आणि क्रम उलटा असेल तर बदला, आधी अंबोसेली, मग मारा. पहिल्या दोन रात्री कुंपणाच्या आत पक्क्या खोलीत गेल्या की घरच्यांना रात्रीच्या आवाजांची सवय होते, मग टेंट सोपा जातो. नैरोबीहून अंबोसेली रस्त्याने चारेक तास, रस्ता चांगला आहे. तिथून मारा मात्र रस्त्याने करू नका, पूर्ण दिवस मोडतो, विल्सनवरून विमान घ्या.

कॅम्पला मेल करताना अजून दोन-तीन गोष्टी घाला. मेस टेंटच्या सगळ्यात जवळचा टेंट हवा, मधली वाट दगडी की मातीची, पायऱ्या किती. लँड क्रूझरमध्ये चढायला पायरी किंवा स्टूल ठेवतात का, कारण त्या गाड्या खूप उंच असतात आणि गुडघ्यांचा कस चढतानाच लागतो. खाण्याचं काही पथ्य असेल तर आत्ताच कळवा, भाजीपाला नैरोबीहून आठवड्यातून एक-दोनदाच येतो, ऐन वेळी सांगून उपयोग नाही. चपातीची काळजी नको, केनियन लोक स्वतःच आवडीने खातात आणि तिला चपातीच म्हणतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, लेकीचा डोस वजनावर असतो.

निळी_छत्री

अपडेट द्यायला आले. कोटेशनवाल्याला विचारलं, पहिल्या लॉजमध्ये पार्क फी धरलेली नव्हतीच, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं आणि मी तीनदा वाचूनही नजरेतून सुटलं. दुर्बीण म्हणाले तशी बेरीज केली, तीन रात्रींना टेंट तरीही महाग पडतोय पण फरक साधारण पाऊणपटीने कमी झाला. मग मारात ३ च्या २ रात्री केल्या आणि वाचलेले पैसे अंबोसेलीत दलदलीकडे तोंड असलेल्या खोल्यांना लावले. तिथे आता ३ रात्री, आणि तीच पहिली. माराला एक पूर्ण दिवस रिझर्व्हमध्ये नदीकाठी, सासूबाई त्या दिवशी कॅम्पवरच थांबणार म्हणाल्या, म्हणजे फी पण दोघांचीच.

कॅम्पचं उत्तर आज सकाळी आलं. सीपॅपसाठी पलंगाशी बॅटरी ठेवतील, गाडीला लाकडी स्टूल आहे, मेसजवळचा टेंट आहे पण तिथून नदी दिसत नाही. नदी दिसणारा टेंट चौथा, साठ-सत्तर पावलं लांब, वाट मातीची, चढ नाही. कुठला घेऊ तेवढं सांगा, त्यांना उद्यापर्यंत कळवायचंय.

काटेसावर

चौथा घ्या. जेवण टेंटमध्ये आणून देतात का ते विचारा, बहुतेक देतात, गुडघे जास्त दुखतील त्या दिवशी तसं करा. आणि व्हरांड्यातली खुर्ची हाताची आणि उंच बैठकीची मागा, त्या कॅनव्हासच्या खोलगट खुर्चीतून आईला उठवायला आम्हाला दोघांना लागायचं.